जोडीचे पंखे

गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान म्हणजे एका डेकखाली जखडलेल्या दोन अरुंद बोटीच. प्रत्येकीत वेगळं इंजिन, वेगळा गिअरबॉक्स, वेगळा शाफ्ट आणि टोकाला वेगळा पंखा, म्हणजे प्रोपेलर. करंजा-थळच्या मासेमारी बोटीला बहुतेकदा एकच पंखा असतो. ती कुरकुरली तर संशयितही एकच. जोडइंजिनाच्या बोटीत मात्र ‘डावं दमतंय’ एवढंच कळतं. मग इंजेक्टर निघतात, फिल्टर बदलतात, डिझेलपंप वर्कशॉपला जातो. खर्च होतो, आणि डावं पुन्हा काळा धूर ओकतं. दोष पाण्याखाली असू शकतो हे सुचायला उशीर होतो.

पंख्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, व्यासाचा आणि पिचचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते अंतर, लाकडात स्क्रू सरकावा तसं. समजा, दोन्ही इंजिनं मिनिटाला २००० फेऱ्यांवर आहेत आणि गिअरबॉक्स दोनास एक; म्हणजे पंख्यांचे फेरे १०००. उजव्याचा पिच १६ इंच, डाव्याचा १८. कागदावर उजवा सुमारे १३ नॉटने पळेल, डावा जवळपास १५ नॉटने. पण पाणी काही लाकूड नव्हे. बोट प्रत्यक्षात ११ नॉटने जात असेल, तर उजव्याची घसरण, म्हणजे कागदावरच्या वेगातली तूट, १६-१७ टक्के आणि डाव्याची २६ टक्क्यांच्या घरात. डावा जास्त पाणी रेटतो आणि त्याचं इंजिन जास्त डिझेल मागतं, तापतं, पूर्ण थ्रॉटल देऊनही ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढत नाही.

बोट चालवणारा सारंग सवयीने टॅकोमीटरचे दोन काटे जुळवतो आणि तिथेच फसतो. फेरे सारखे म्हणून जोर सारखा होत नाही. बोटीचं नाक उजवीकडे वळत राहतं, सुकाणू सतत डावीकडे धरावं लागतं, आणि तिरकं सुकाणू स्वतःच बोटीला अडवतं.

पात्याच्या आकारातल्या फरकाचं महत्त्व पंख्याच्या जन्मापासूनचं आहे. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात पंख्याचे प्रयोग करणाऱ्या फ्रान्सिस पेटिट स्मिथच्या लाकडी स्क्रूचा, म्हणजे पंख्याचाच, तुकडा मोडला, आणि बोट चक्क जास्त वेगाने निघाली!

जोडीत एक पंखा उजव्या फिरकीचा, एक डाव्या फिरकीचा असतो. मागून पाहिलं तर, बोट पुढे जाताना, उजवीकडचा सहसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, डावीकडचा उलट. त्यामुळे एकमेकांचा आडवा ओढा फिटतो, आणि जेट्टीला लागताना एक पुढे, एक मागे लावून बोट जागच्या जागी वळवता येते. इंजिनं दोन्ही एकाच दिशेची असतील, तर एका बाजूचा गिअरबॉक्स दिवसभर उलटा चालतो. तो त्यासाठी बनवलेला नसला तर त्याच्या क्लचप्लेट जळतात. बदलून आणलेल्या गिअरबॉक्सचं प्रमाण वेगळं निघालं, तर जुळे पंखेही बेजोड होतात. पत्र्याची नेमप्लेट वाचायला मिनिटभर पुरतं. ती ऑइलच्या थराखाली दडलेली असते, एवढीच अडचण.

रायगडच्या किनाऱ्यावर पंखे मुळात बेजोड बसवले जातात, त्यापेक्षा पाण्यात बेजोड होतात, असं माझं मत आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर चार-पाच मीटरपर्यंत जातं. धरमतरच्या, कुंडलिकेच्या खाडीत ओहोटीला गाळ वर येतो. डोलजाळ्यांचे दोर, प्लास्टिक, वाहून आलेली लाकडं असतातच. पात्याची कड एकाच बाजूला वाकते, म्हणून दुरुस्तीलाही एकच पंखा जातो. तो डोळ्याच्या अंदाजाने ठोकून, वेल्डिंग करून परत येतो. त्यावरचा आकडा तोच राहतो, पण पिच आता तो नसतो. खरं तर पावसाळ्यात फेरी बंद होऊन बोट किनाऱ्यावर चढली की दोन्ही पंखे एकदमच काढावेत आणि प्रत्येक पातं पिचमापकावर मोजावं. मूळ आकड्यावर भरवसा ठेवू नये.

यातलं बरंचसं धक्क्याला बांधलेल्या बोटीत दिसत नाही. भार देऊन, वेग घेऊन चाचणी करावी लागते. पण ती कुठे करायची, हेही महत्त्वाचं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जणांचा जीव गेला. नौदलाची बोट इंजिनचाचणीवर होती, इंजिनातल्या बिघाडाने ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. तिथे पंख्याचा संबंध होता, असं मी म्हणत नाही. पण दुरुस्तीनंतरच्या बोटीवर चाचणीतच भरवसा कमी असतो. म्हणून चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेवर होऊ नये, आणि खासगी लाँचमालकांनीही त्यासाठी वेगळं पाणी नि वेगळी वेळ ठरवून घ्यायला हवी.