अनुभवाची अट कोणासाठी?

रे रोडच्या पोराला बॉलिंग शिकवणारा स्वतः बॉलर असलाच पाहिजे का? उत्तर दादरच्या शिवाजी पार्कात आहे. रमाकांत आचरेकर विकेटकीपर-फलंदाज. प्रथम श्रेणीचा १च सामना खेळले. तरी बलविंदर संधू, अजित आगरकर हे वेगवान गोलंदाज त्यांनी घडवले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्याच्या नावाचा पुरस्कार, हा या देशाचा विनोद!

उलट पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. अनुभव होता, संधी नव्हती. ज्यांना खेळूच दिले नाही, त्यांच्याकडे अनुभवाचा दाखला मागणे हा कुठला न्याय? प्रशिक्षकाची परीक्षा शिष्याच्या खेळावरून घ्या. वस्तीतल्या जाणकारांनो, मैदानात उतरा!