अरवलीचा ऱ्हास : नगरविस्तार आणि महसुली नोंदी

गुजरातमधील पालनपूरच्या परिसरापासून राजस्थान व हरियाणा ओलांडून दिल्लीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली अरवली ही भारतातील सर्वांत प्राचीन वलीपर्वतांची रांग होय. तिच्या मानाने हिमालय अगदी अलीकडचा. प्रदीर्घ झिजेमुळे अरवलीची उंची घटत गेली. दक्षिणेस अबूजवळ गुरुशिखर १,७२२ मीटरपर्यंत पोहोचते. दिल्लीत शिरताना मात्र ही रांग आसपासच्या मैदानाहून फारशी उंच उरत नाही. परीक्षार्थी गुरुशिखराची उंची पाठ करतात, परंतु ठेंगण्या टेकड्यांचे कार्य सहसा दुर्लक्षित राहते.

दिल्ली, गुरुग्राम व फरीदाबादभोवतीच्या टेकड्या प्रामुख्याने क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या आहेत. हा खडक स्वतः फारसे पाणी धरत नाही. पण त्यातील असंख्य भेगा व सांध्यांतून पावसाचे पाणी खोलवर झिरपते आणि पायथ्याच्या गाळाच्या थरांना जाऊन मिळते. वर्षाचा बहुतेक पाऊस दोन-तीन महिन्यांतच पडणाऱ्या या प्रदेशात भूजल पुनर्भरणाची ही नैसर्गिक यंत्रणाच म्हणावी लागेल. याशिवाय पश्चिमेकडून येणाऱ्या वाळूला व धुळीला टेकड्या आणि त्यांवरील झुडपी वने काही अंशी अडवतात. डोंगर फोडला की ही दोन्ही कामे एकाच वेळी थांबतात.

आणि डोंगर फुटला तो शहरासाठीच. दिल्लीच्या बांधकामात गिलाव्यासाठी वापरली जाणारी 'बदरपूर' ही भरड वाळू म्हणजे दक्षिण दिल्ली व फरीदाबादच्या टेकड्यांतील क्वार्टझाइटचा चुरा. महानगर वाढले ते अरवलीवर आणि अरवलीच्या दगडातूनही. गुरुग्राम जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ८.७ लाख होती; २०११ मध्ये ती १५ लाखांवर गेली. नव्या वसाहतींना दगड हवा होता, जमीन हवी होती आणि पाणीही. परिणामी पुनर्भरणाचे क्षेत्र घटत असतानाच भूजलाचा उपसा वाढत गेला. फरीदाबादजवळचा बडखल तलाव १९४७ मध्ये बांधला गेला होता आणि पुढे तो पर्यटकांचे आकर्षण बनला. पाणलोटातील खाणी व खालावलेले भूजल यांमुळे या शतकाच्या आरंभी तो कोरडा पडला. पुढे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तो भरण्याची योजना आखावी लागली.

कायदा आणि नोंदी

संरक्षणाचे कायदे नव्हते असे नाही. पंजाब भूसंरक्षण अधिनियम १९०० सालचा आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ७ मे १९९२ रोजी निघालेल्या अधिसूचनेने अरवलीतील खाणकाम व बांधकामावर निर्बंध घातले. मात्र ते तत्कालीन गुडगाव आणि अलवर या दोनच जिल्ह्यांपुरते होते. शेजारचा फरीदाबाद जिल्हा तिच्या कक्षेबाहेर राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात येथील खाणकाम थांबविले.

खरी मेख महसूल दप्तरात आहे. येथील टेकड्यांची नोंद 'गैर मुमकिन पहाड', म्हणजे लागवडीस अयोग्य डोंगर, अशी होते. सातबाऱ्यावरील 'पोटखराबा' परिचित असलेल्यांना या शब्दामागील दृष्टी सहज कळेल : पीक येत नाही ती जमीन निरुपयोगी! यांपैकी पुष्कळ जमीन गावाच्या सामायिक मालकीची होती. तिची वाटणी होऊन वैयक्तिक हिस्से पडले आणि हे हिस्से पुढे विकले गेले. वन म्हणून नोंद नसल्याने तेथे वन नाही, असा युक्तिवाद मग सोयीचा ठरला. भूसंरक्षण अधिनियमाच्या कलम ४ खालील विशेष आदेशांनी बंदिस्त झालेली जमीन वनजमीनच होय, हे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले.

अंमलबजावणीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर फरीदाबादच्या खोरी गावातील सुमारे १०,००० घरे पाडण्याची कारवाई झाली. तेथे राहणारे बहुतांश श्रमिक होते आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यातून उभा राहिला. वनजमिनीवरील फार्महाऊस व विवाह-लॉन्स हटविण्याची मोठी मोहीम २०२५ मध्ये निघाली.

त्याच वर्षी डोंगराच्या व्याख्येचाच प्रश्न पुढे आला. खाणकामाच्या संदर्भात, स्थानिक भूपातळीपासून किमान १०० मीटर उंच भूरूपालाच अरवलीची टेकडी मानावे, ही समितीची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली. तिला व्यापक विरोध झाला आणि २९ डिसेंबर रोजी न्यायालयानेच आपला आदेश स्थगित केला. उंची हा मोजण्यास सोपा निकष खरा. परंतु पाणी मुरविण्याचे काम कमी उंचीच्या, भेगाळ टेकड्याही करतात, हे अशा व्याख्येत निसटते.

पुनरुज्जीवन अशक्य नाही, पण ते संथ आहे. गुरुग्राममधील जुन्या खाणींच्या जागी २०१० पासून स्थानिक वृक्षांची लागवड करून अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले. रोपांच्या निवडीसाठी नमुना ठरली ती मांगर बनीसारखी जुनी वने. फरीदाबाद जिल्ह्यातील ही देवराई ग्रामस्थांनी श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाडीपासून राखली आणि म्हणूनच धौ वृक्षाचे दाट वन तेथे टिकून राहिले.