शहाजीराजांचं बंगळूर कुठे गेलं?

टिपूचा महाल, बसवण्णा, लालबाग, विधान सौध... अर्ध्या दिवसाच्या सहलीत बंगळूर ‘पाहून’ होतं. पण ज्या शहरात बाल शिवबा वावरले, तिथे मराठी खुणा शोधणाऱ्या पर्यटकाच्या हाती काय लागतं?

बंगळूर दर्शनाच्या बसमध्ये मराठी कुटुंब हमखास असतं. मुलगा किंवा मुलगी तिथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला, आई-वडील पंधरा दिवसांसाठी आलेले आणि रविवारी घरच्यांनी त्यांना सहलीच्या बसमध्ये बसवून दिलेलं. गाईड कन्नड, हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ करत बोलत असतो. बस टिपू सुलतानच्या महालापाशी थांबते आणि मागच्या सीटवरून एक प्रश्न हटकून येतो, ‘‘शहाजीराजांचा वाडा कुठे आहे हो?’’

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र गाईडला अडचणीत टाकणारं आहे. शहाजीराजांचा वाडा आज उभा नाही. चिकपेठेच्या परिसरात त्यांचा ‘गौरी महाल’ होता असं परंपरा सांगते. पण तिथे आज साड्यांची दुकानं, कापडाच्या वखारी आणि हातगाड्यांची गर्दी आहे. दाखवायला भिंतीचा तुकडाही नाही. मग अनुभवी गाईड काय करतो? तो हसतो, घड्याळ दाखवतो आणि प्रवाशांना चपला काढायला सांगून पुढच्या देवळात नेतो!

अर्ध्या दिवसाच्या सहलीची गंमत आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत. जे उभं आहे तेच ती दाखवू शकते. बंगळूरमध्ये जे उभं राहिलं ते बहुतेक हैदर-टिपूचं, इंग्रजांचं आणि वडियार राजांचं. त्याआधीचा सुमारे अर्ध्या शतकाचा मराठी अंमल मात्र दगडांपेक्षा कागदांतच जास्त उरला आहे.

तरी सहल वाया जात नाही. डोळे उघडे ठेवले तर याच ठरावीक वाटेवर बरंच काही सापडतं.

पेटे म्हणजे आपली पेठच

शहराचा संस्थापक मानला जातो तो केंपेगौडा. विजयनगरच्या या मांडलिक सरदाराने १५३७ मध्ये मातीचा कोट आणि त्यालगत बाजारपेठ वसवली. चार नांगर चार दिशांना धावले आणि जिथे थांबले तिथे वेशी उभ्या राहिल्या, अशी कथा आहे. बंगळूर हे नाव त्याहून जुनं. शहराच्या दक्षिणेला बेगूर इथल्या साधारण नवव्या शतकातल्या शिलालेखात ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख आहे. त्यामुळे भुकेल्या राजाला म्हातारीने उकडलेले दाणे दिले आणि त्यावरून गावाला नाव पडलं, ही गाईडची आवडती गोष्ट ऐकायची ती गोष्ट म्हणूनच.

कन्नडमधला ‘पेटे’ म्हणजे आपली पेठ. चिक्कपेटे ही धाकटी पेठ, दोड्डपेटे थोरली. अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची. पुण्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारणच नाही. गल्ल्या तितक्याच अरुंद, रिक्षावाले तितकेच घाईत! याच भागात भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची कित्येक घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या घरातल्या मराठीत कन्नड इतकी मुरली आहे, की नवख्या माणसाला आधी ती मराठी वाटतच नाही.

दुर्दैवाने सहलीची बस या गल्ल्यांत शिरू शकत नाही. ज्याला खरं जुनं बंगळूर पाहायचं, त्याने इथे पायीच फिरायला हवं. ‘इंटॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बंगळूर शाखेने ‘परिचय’ नावाने अशा पायी सहली घडवल्या आहेत. बसमध्ये बसून दहा ठिकाणं पाहण्यापेक्षा जाणकार माणसाबरोबर एक पेठ पाहणं केव्हाही चांगलं.

चोळी-बांगडीला दिलेलं शहर

१६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं. गौडाचं घराणं मागडीला गेलं आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलूखही त्यांच्याकडे आला. जिजाबाई आणि बाल शिवाजी साधारण १६४० ते १६४२ या काळात इथे होते. शिवरायांचं वय तेव्हा दहा-बारा वर्षांचं. परमानंदाच्या ‘शिवभारता’त वर्णन आहे, की शहाजीराजांनी याच शहरातून शिवाजीला हत्ती-घोडे, पायदळ, मंत्री आणि शिक्षक बरोबर देऊन पुण्याला पाठवलं.

शहाजीराजांचा इथला दरबार नुसता लढवय्यांचा नव्हता. जयराम पिंड्ये या कवीने याच दरबारात ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. बारा भाषा जाणणारा हा कवी. दरबारात वेगवेगळ्या भाषांचे कवी येत, समस्या पुऱ्या करत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा ग्रंथ शोधून संपादित केला नसता, तर बंगळूरच्या या दरबाराचं चित्र आपल्याला दिसलंच नसतं. आज जगातल्या साऱ्या भाषा ज्या शहराच्या उपाहारगृहांत ऐकू येतात, तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वीही अनेक भाषा नांदत होत्या, हे गाईडने जरूर सांगावं असं आहे.

पुढची हकिकत तर गृहिणींनी कान देऊन ऐकावी अशी. शहाजीराजांनंतर बंगळूर शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे आलं. ते तंजावरला गेले आणि तिथलेच राजे झाले. १६७७-७८ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी हा मुलूख जिंकला. भावाभावांत तेढ वाढली, लढाईही झाली. अखेर समेट झाला. व्यंकोजींची पत्नी दीपाबाई या मोठ्या समंजस बाई. समेटासाठी त्यांनी पतीचं मन वळवलं. महाराजांनी तहाच्या कलमांत बंगळूर आणि आसपासचा मुलूख या भावजयीला चोळी-बांगडीसाठी दिला. आज जिथल्या एकेका भूखंडाची किंमत ऐकून घाम फुटतो, ते अख्खं शहर एका मराठी बाईच्या चोळी-बांगडीचं होतं!

पण तंजावरहून बंगळूर सांभाळणं जड जात होतं. व्यंकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकायचं ठरवलं. सौदा पुरा व्हायच्या आत, जुलै १६८७ मध्ये मोगल सेनापती कासीमखानाने शहर घेतलं. त्याने ते त्याच तीन लाखांना चिक्कदेवराजांच्या हवाली केलं. मराठी अंमल संपला तो असा, रोखीच्या व्यवहारात.

टिपूच्या दारी

कृष्णराजेंद्र मार्केटजवळचा किल्ला म्हणजे मूळ किल्ल्याचा जेमतेम एक कोपरा. केंपेगौडाचा मातीचा कोट हैदर अलीने १७६१ पासून दगडी केला. लंबगोलाकार, भक्कम. आज उरलाय तो दिल्ली दरवाजा आणि त्यालगतचा थोडा तट. आतलं गणपतीचं छोटं देऊळ, कमानींवरची नाजूक नक्षी आणि बाहेर बाजाराचा कलकलाट. बाकीचा किल्ला रस्ते, इस्पितळं आणि शाळांनी गिळला. २१ मार्च १७९१ च्या रात्री लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजा तटाला खिंडार पाडून आत घुसल्या. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. ते खिंडार जिथे होतं, तिथे इंग्रजांनी बसवलेली पाटी आहे. खिंडार आणि तट दोन्ही नाहीत. २०१२ मध्ये मेट्रोचं खोदकाम चालू असताना या भागात जुन्या तोफा निघाल्या, तेव्हा पुष्कळ बंगळूरकरांना आपण किल्ल्यावरून रोज ये-जा करतो याची पहिल्यांदा जाणीव झाली.

या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते, हे मराठी पर्यटकांना ऐकायला फारसं आवडत नाही. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या त्या बंगळूर पडल्यानंतर, मे १७९१ च्या अखेरीस. श्रीरंगपट्टणहून उपाशीपोटी माघार घेणाऱ्या इंग्रजी सैन्याला मराठ्यांच्या लष्करी बाजाराने जगवलं. त्याच मोहिमेत मराठी घोडदळाबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाच्या जीर्णोद्धाराला मदत पाठवली ती टिपूने. ती पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली. इतिहास असा गैरसोयीचा असतो. तो पूर्ण सांगणारा गाईड मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

जवळच टिपूचा उन्हाळी महाल. हैदरने १७८१ मध्ये बांधायला घेतला, टिपूने १७९१ मध्ये पुरा केला. दोन मजली, सागवानी खांबांचा, कमानींचा. सूर्यप्रकाश तिरपा आत आला की खांबांच्या रांगा फार देखण्या दिसतात. ‘रश्के जन्नत’, म्हणजे स्वर्गालाही हेवा वाटावा असं त्याला म्हटलंय. आज रंग उडालेत, भिंतींवरची वेलबुट्टी कुठे कुठेच दिसते. इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या इथेच भरत. १८६८ मध्ये त्या कब्बन पार्कजवळच्या लाल इमारतीत गेल्या. अठरा खात्यांची म्हणून ती ‘अठरा कचेरी’. तिथे आता कर्नाटकचं उच्च न्यायालय आहे. १९८० च्या दशकात ही इमारत पाडायचं घाटत होतं. नागरिकांनी विरोध केला म्हणून वाचली.

समोरच विधान सौध. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी मोठ्या हौसेने बांधवून घेतलेली, १९५६ मध्ये पुरी झालेली ग्रॅनाइटची भव्य वास्तू. ‘सरकारी काम हे देवाचं काम’ अशा अर्थाची ओळ दर्शनी भागावर कोरली आहे. बसमध्ये ती वाचून हसू फुटतं, त्याला भाषेची अडचण येत नाही.

शिवाजीराव गायकवाड यांच्या गल्लीत

दक्षिणेकडे बसवनगुडीचा नंदी एकाच ग्रॅनाइटच्या दगडातला, सुमारे साडेचार मीटर उंच. तेल चोळून चोळून काळाभोर झालेला. शेतात शिरून भुईमूग खाणाऱ्या बैलाची कथा त्याच्याभोवती आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे शेंगांची जत्रा भरते. सहल त्या सुमारास आखली तर दुधात साखर.

तिथून जवळ गवीपुरमचं गवी गंगाधरेश्वर हे गुहेतलं मंदिर. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून जाऊन पिंडीवर पडतात आणि ते पाहायला तोबा गर्दी उसळते. अंगणातल्या सूर्य-चंद्राच्या मोठमोठ्या दगडी चकत्या घाईत नजरेतून सुटतात. त्या मुद्दाम पाहाव्यात. याच गवीपुरमच्या सरकारी शाळेत एक मराठी मुलगा शिकला. पुढे तो बंगळूरच्या शहर बसमध्ये कंडक्टर झाला. वडिलांनी नाव ठेवलं होतं शिवाजीराव गायकवाड. जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखतं! हे कळल्यावर बसमधली पेंगुळलेली नातवंडंसुद्धा खिडकीला नाक लावतात.

लालबागेत बहुतेक जण काचघरापाशी छायाचित्र काढतात आणि परततात. त्यांनी खडकाची टेकडीही चढावी. तो खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे आणि माथ्यावर केंपेगौडाच्या घराण्याने उभारलेला छोटा बुरूज आहे.

दगडावरचं नाव

आता मागच्या सीटवरच्या प्रश्नाकडे वळू. भोसले घराण्याचं नाव दगडावर पाहायचं असेल, तर मल्लेश्वरमला जायला हवं. नेहमीच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत हे ठिकाण सहसा नसतं. ‘काडु’ म्हणजे रान. काडु मल्लेश्वर म्हणजे रानातला मल्लिकार्जुन. आज रान नाही, पण आवारात मोठी झाडं आहेत आणि सकाळी तिथे शांतता असते. या देवाला व्यंकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आल्यानंतरची ही तीन वर्षं. इकडे धाकटा भाऊ देवाच्या दिवाबत्तीची सोय लावत होता.

समोरच रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. हे देऊळ मातीखाली गाडलेलं होतं. १९९७ मध्ये ते उघडं झालं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार पिंडीवर पडते आणि खालच्या कुंडात जाते.

बंगळूरमधले असे शेकडो शिलालेख रस्तारुंदीकरणात आणि बांधकामांत नष्ट झाले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिथिक सोसायटी’ने २०२१ पासून उरलेल्या लेखांच्या संगणकीय त्रिमितीय प्रती करण्याचं काम हाती घेतलं. दगड गेला तरी अक्षरं राहतील, अशी ही तजवीज. दुसरीकडे त्याच २०२१ च्या डिसेंबरमध्ये सदाशिवनगरमधल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर कुणी शाई फेकली आणि दोन्ही राज्यांत वातावरण तापलं. मल्लेश्वरमच्या देवळात मात्र इनाम देणारा मराठी राजा आणि पूजा करणारे कन्नड भाविक साडेतीनशे वर्षं सुखाने एकत्र आहेत.

ही सगळी ठिकाणं एका सकाळी जमतात. २०१७ पासून मेट्रोचा हिरवा मार्ग शहराच्या पोटातून जातो. संपिगे रोड स्थानकावर उतरून काडु मल्लेश्वर करावं. तिथून मेट्रोने चिकपेठ, मग कृष्णराजेंद्र मार्केटला किल्ला आणि महाल, शेवटी लालबाग. न्याहारीला लालबागेजवळ १९२४ पासूनचं ‘एमटीआर’ आहे, नाही तर गांधीबाजारचं १९४३ पासूनचं ‘विद्यार्थी भवन’. रांग दोन्हीकडे असते. ज्येष्ठ मंडळींनी पायात सहज काढता-घालता येतील अशा चपला घालाव्यात. देवळांची संख्या लक्षात घेता हा सल्ला हलका समजू नये.

आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर परतताना दावणगेरेला उतरावं. पुण्या-मुंबईकडच्या हुबळीमार्गे जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. त्या जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे गावाजवळ, जानेवारी १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी तिथे आहे. उघड्यावर, साधी, शेताशिवारात. तिथे सहलीची बस थांबत नाही. दावणगेरेहून वाहन करून जावं लागतं.