'नामा म्हणे' आणि स्पॅनिशचा वर्तमानकाळ

हिंगोली जिल्ह्यातले कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्मसाल 1270. त्यांच्या अभंगांच्या शेवटी येणारे 'नामा म्हणे' आपल्या ओठांवर इतके बसले आहे की त्यातले क्रियापद कोणत्या काळातले, हे कुणी विचारत नाही. शाळेच्या व्याकरणाप्रमाणे 'म्हणे' हे ई-आख्यात, म्हणजे रीतिभूतकाळ; नामा पूर्वी म्हणत असे, असा त्याचा अर्थ. पण कीर्तनात ऐकताना हा अर्थ कुणीच घेत नाही. नामा म्हणतो आहे, असेच सगळे समजतात आणि तेच बरोबर आहे. यादवकाळच्या मराठीत 'म्हणे' हा सरळ वर्तमानकाळ होता.

त्या मराठीत हे क्रियापद वर्तमानकाळात असे चाले: म्हणें, म्हणसी, म्हणे, म्हणों, म्हणा, म्हणती. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. आता स्पॅनिशमधले 'आब्लार', म्हणजे बोलणे, पाहा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. शेवटचा 'आर' काढायचा आणि त्या जागी सहा प्रत्यय लावायचे, एवढीच कृती. 'आर'ने संपणारी नियमित क्रियापदे हजारोंनी आहेत आणि ती सगळी याच वाटेने जातात. 'त्राबाहार' म्हणजे काम करणे. त्राबाहो, काम करतो. त्राबाहास, काम करतोस.

या प्रत्ययांकडे जरा थांबून पाहायला हवे. संस्कृतात वदामि, वदसि, वदति, वदामः, वदथ, वदन्ति. 'वदसि'मधला स आणि 'आब्लास'मधला स एकाच घराण्यातले. 'वदामः'च्या विसर्गामागे मुळात स आहे, म्हणजे 'वदामस्'. शेजारी 'आब्लामोस' ठेवून बघा. 'वदन्ति'तला न 'आब्लान'मध्ये उरला आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, आणि स्पॅनिश लॅटिनची लेक. आपण आजही 'तू बोलतोस' म्हणतो तेव्हा तोच जुना स उच्चारतो. 'म्हणसी'तही तोच आहे.

'एर' आणि 'इर' या शेवटांचे आणखी दोन गट आहेत. 'कोमेर' म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'बिबिर' म्हणजे जगणे, राहणे: बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. दोन्हींत फरक पडतो तो फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत. 'बिबिर'चे मूळ लॅटिन क्रियापद आणि आपला 'जीव्' धातूही सख्खे नातलगच.

सर्वनाम गाळण्याची सवय आपल्याला आहेच. 'कुठे निघालास?' असे विचारताना 'तू' लागत नाही. स्पॅनिश माणूसही 'आब्लो' म्हणून मोकळा होतो, 'मी'साठी असलेला 'यो' जोर द्यायचा असेल तरच काढतो. आजच्या मराठीत मात्र 'बोलतो' एवढ्यावरून मी, तो की आम्ही, हे कळत नाही; संदर्भ पाहावा लागतो. स्पॅनिशची सहाही रूपे वेगळी. जुनी मराठीही या बाबतीत तशीच नेटकी होती.

मला सर्वांत मोलाची वाटते ती लिंगाची गोष्ट. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राहिली, आणि तिच्या अभंगांत 'जनी म्हणे' असे येते. नामा म्हणे, जनी म्हणे. बाप्या असो की बाई, क्रियापद एकच. पुढे मराठीने 'त'चे धातुसाधित घेऊन नवा वर्तमानकाळ घडवला आणि त्याबरोबर लिंग आले: नामा म्हणतो, जनी म्हणते. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला लिंग चिकटले नाही. 'बिबो एन नरसी' हे वाक्य मुलानेही म्हणावे, मुलीनेही.

वापरातही मराठी माणसाला फार अडत नाही. 'उद्या बोलतो' असे आपण भविष्यासाठी वर्तमानकाळात म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'मान्याना आब्लो' चालते. 'दहा वर्षांपासून इथे राहतो' हे इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात बसत नाही, तिथे पूर्ण-अपूर्ण असा जोडकाळ लागतो. स्पॅनिशमध्ये मात्र सरळ 'बिबो', आपल्यासारखेच. म्हणूनच इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणाऱ्या पुस्तकांत जिथे पानभर समजूत घालावी लागते, तिथे मराठी विद्यार्थ्याला एक ओळ पुरते. हिंगोली-परभणीकडे चालू क्रियेसाठी 'जायलो', 'करायलास' अशी वेगळी रूपे ऐकू येतात. स्पॅनिशमध्ये साधे 'आब्लो' हे 'बोलतो' आणि 'बोलतोय' या दोन्हींना चालते, मुद्दाम सांगायचे असेल तरच 'एस्तॉय आब्लांदो'.

आदरार्थाचे तेवढे नीट लक्षात ठेवावे. आपण मान द्यायला अनेकवचन वापरतो. स्पॅनिशमध्ये मानाचे 'उस्तेद' आहे आणि त्याला तृतीय पुरुषी एकवचन लागते: उस्तेद आब्ला. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही सगळे'साठी 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात. 'आब्लाइस' तिथे जवळजवळ वापरातच नाही. तिकडच्या लोकांशी बोलायचे असेल तर पाचच रूपे पाठ करा.

नामदेव मराठीवर थांबले नाहीत. ते पंजाबपर्यंत गेले, तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत रचना केल्या, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. 2015 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले ते त्याच नात्यामुळे. परकी भाषा आपल्या आवाक्यातली नाही, असे नरसीच्या परिसरातल्या मुलामुलींनी मानण्याचे काही कारण नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे: स्पॅनिश शिकवायची वेळ आली तर फळ्यावर आधी म्हणें, म्हणसी, म्हणे लिहा आणि त्याशेजारी आब्लो, आब्लास, आब्ला. इंग्रजी तक्त्याची गरज पडणार नाही.