मधेच थांबवणारा उत्प्रेरक

कडू बदामाचा वास हा बेंझाल्डिहाइडचा. कारखान्यात ते टोल्युईनपासून बनवतात. टोल्युईनच्या षट्कोनी वलयाला एक मिथिल गट जोडलेला असतो. ऑक्सिजनमुळे त्याचे प्रथम बेंझिल अल्कोहोल, मग बेंझाल्डिहाइड व शेवटी बेंझोइक आम्ल बनते.

पण बेंझाल्डिहाइडचे ऑक्सिडीभवन टोल्युईनपेक्षाही लवकर होते! मग मधेच थांबावे कसे? टोल्युईनची वाफ व हवा व्हॅनेडियम पेंटॉक्साइडसारख्या तप्त उत्प्रेरकावरून झपाट्याने नेतात. पुढची पायरी गाठण्याआधीच बेंझाल्डिहाइड बाहेर काढतात. उरलेले टोल्युईन पुन्हा वापरतात.

दुसऱ्या एका रीतीत क्लोरीन लागतो व हायड्रोक्लोरिक आम्ल मागे उरते. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुढे नरसिंहपूरला नीरा. वर नदीत जे सोडावे, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. म्हणून चांगला उत्प्रेरक शोधणे हे नदी राखण्याचेही काम आहे.