लालबागचा खडक आणि चुलीतील निळी ज्योत

बंगळूरला गेलात, तर लालबागेतील केंपेगौडाच्या बुरुजाखाली पसरलेल्या उघड्या खडकावर क्षणभर अवश्य बसा. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. या नगरीतील अनेक घरांत आज नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर स्वयंपाक होतो. मग हा वायू याच भूमीच्या पोटातून का काढू नये, असा प्रश्न तुमच्या मनात साहजिकच येईल.

त्याचे उत्तर वायूच्या जन्मकथेत आहे. नद्या समुद्राच्या तळाशी गाळ नेऊन टाकतात. त्या गाळात सूक्ष्म वनस्पती, जीवजंतू आणि पालापाचोळाही पुरला जातो. प्राणवायूच्या अभावी तो पुरता कुजत नाही. थरांवर थर चढतात आणि हा ठेवा खोल जातो. दर किलोमीटरला उष्णता सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. ती ६० ते १२० अंशांच्या दरम्यान असता मुख्यतः तेल तयार होते आणि १५० अंशांच्या पुढे मुख्यतः वायू. पुढे हा वायू सच्छिद्र खडकात शिरतो व वरील अभेद्य थराखाली अडकून राहतो.

दलदलीतील सूक्ष्म जंतूही मिथेन वायू निर्माण करतात. परंतु त्यात कार्बन-१३ या जड कार्बनाचे प्रमाण विशेष कमी असते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ वायूचे कूळ ओळखू शकतात.

लालबागचा खडक मात्र शेकडो अंशांच्या उष्णतेत घडला आहे. त्यात असा ठेवा कोठून असणार? आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढील समुद्रतळाची गोष्ट वेगळी. तेथे गाळाचे जाड थर आहेत. म्हणूनच १९७४ साली मुंबई हाय येथे तेल लाभले, आणि पुढे वसईसमोरील समुद्रात वायूचा मोठा साठा सापडला.

बंगळूरला वायू पोहोचविणारी, सुमारे १,००० किलोमीटर लांबीची वाहिनी २०१३ साली सुरू झाली. ती रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून निघते. दाभोळच्या बंदरात परदेशातील वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात जहाजांनी आणला जातो. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा असा बाहेरून आणावा लागतो.

वाचकहो, जे घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली, ते आपण एका सकाळच्या चहासाठी जाळतो. पातेल्यावर झाकण ठेवणे आणि उकळी येताच ज्योत मंद करणे, एवढे तर प्रत्येक घराला सहज जमण्यासारखे आहे.