काठी वाकते म्हणून शीड चालते

किनाऱ्यावर कुणी विंडसर्फिंगचं शीड बांधत असेल तर जरा थांबून पाहा. डोलकाठी शिडाच्या खोळीत सरकवायची आणि बुडाशी असलेल्या पुलीतला दोर पाय रोवून, सगळं अंग टाकून ओढायचा. साडेचार मीटरची सरळ काठी धनुष्यासारखी वाकते आणि शिडाची मागची कड वरच्या भागात चक्क लुळी पडते. नवख्याला वाटतं, बांधणी फसली. खरं तर ती तिथेच जमलेली असते.

1967 साली कॅलिफोर्नियात विमान-अभियंता जिम ड्रेक यांनी आपली फळी पाण्यात उतरवली, तेव्हा मोठा प्रश्न सुकाणूचा होता. चहूबाजूंना कलणाऱ्या सांध्यावर डोलकाठी बसवून त्यांनी तो सोडवला. शीड मात्र साधंच होतं, तिकोनी, डेक्रॉन कापडाचं. वाऱ्याचा झोत आला की कापड ताणलं जाई, शिडाचं पोट मागे सरके आणि सगळी ओढ हातांवर येई.

वारा 15 नॉटवरून 20 वर गेला की त्याचा जोर जवळजवळ 1.8 पट होतो, आणि फळीवर तोल धरायला असतं फक्त माणसाचं वजन. म्हणून जादा वारा सोडून द्यायला शिडालाच शिकवावं लागलं. न ताणणारी पारदर्शक फिल्म आली. आडव्या बॅटनपट्ट्यांनी पोट जागेवर धरलं. पण माझ्या मते खरी करामत काठीची आहे. झोत येताच कार्बनच्या काठीचा शेंडा झुकतो, ती लुळी कड उघडते, वरचा वारा निसटून जातो. झोत सरला की काठी लगेच सरळ होते. काचतंतूची काठी जड असते, तिला सावरायला वेळ लागतो.

काठीचा ताठपणा मोजण्याची रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. दोन्ही टोकं टेकवून मधोमध 30 किलो वजन टांगायचं आणि काठीच्या लांबीला आलेल्या बाकाने भागायचं. 460 सेंटिमीटरची काठी 18.4 सेंटिमीटर वाकली, तर आकडा 25. पण एवढ्याने भागत नाही. एखादी काठी सगळीकडे सारखी वाकते, एखादी शेंड्याकडे जास्त. शिडाची पुढची कड नेमक्या त्या बाकाबरहुकूम बेतलेली असते. बाक जुळला नाही, तर दोर कितीही ओढा, सुरकुत्या जात नाहीत.

तेव्हा नवं शीड घेताना त्यावर छापलेली काठीची लांबी आणि आकडा आधी वाचा, बाकाचा प्रकार विचारून घ्या. तुमच्याकडच्या काठीशी जुळत नसेल, तर स्वस्तात मिळालं तरी ते घेऊ नका.